सोमीची जाळी

वाडी, पनवेल
२१ नोव्हेंबर २०२४

शुक्रीबाय,

घाबरू नको, पत्र तुज्या भावाचं हाय, मुकादमाचं नाय. फोनवर बोलू नको असं तूच म्हनालीस. मुकादमाचा फोन म्हंजे सगळी वीटभट्टी कान लावून बसते आनि तुला सोमीचं विचारता येत नाय. म्हनून हा कागद. भट्टीवर जाळायला भाताचं तूस घेऊन येनारा सुभाष डायवर देईल. त्याला सांगितलंय, फोडून वाचलंस तर तुज्या हॉर्नमधनं मांजर ओरडंल. तो हसला, पन पत्र आतल्या खिशात घातलं. मागच्या टायमाला त्याच्या हॉर्नचं काय झालं होतं ते त्याला याद हाय.

तुमी सगळी गेलात, वाडी रिकामी झाली. मी टावरमध्ये झाडूवर लागलोय. आठवी नापास मानसाला लिफ्टचं बटन दाबायला देतात, म्हंजे बघ. काल लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात बोललो, "कृपया दरवाजा बंद करा." एक काका दरवाजा शोधायला लागले. तो आपोआप बंद होतो हे रोज बघतात, तरी शोधायला लागले. मी म्हनलं, "काका, बाई आज जरा रुसलीय."

आता तुला पाहिजे ते लिहितो. ड्यूटी सुटली की मी रोज ओहोळावर जातो. करवंदीच्या जाळीत वाकून शिरावं लागतं, पाठ सोलवटते. भादव्यात आपन आपल्या तान्ह्या सोमीला पुरली तेव्हा वर ठेवलेला दगड तसाच हाय. कुत्र्यानं उकरलं नाय, कोल्ह्यानं नाय. पावसानं माती खाली बसली होती तिथं मी आनखी टाकली.

आनि ती तिथं एकटी नाय. एक पाखरू येतं. अंगठ्याएवढं, मातीच्या रंगाचं, पन गळा असा की कोनी शेंदूर फासलाय. दगडावर बसतं, शेपटी वर उडवतं. चिलट दिसलं की झेप मारून हवेतच धरतं आनि परत दगडावर. मधीच ट्रर्र करतं, जसा कोन खुळखुळा हलवतो. मी त्याचं नाव शेंदऱ्या ठेवलंय.

दाजीला सांग, मुकादमाच्या चपला उलट्या ठेवायच्या राहिल्यात, तेवढं करा.

तुजा,
बाळ्या


वीटभट्टी, मुरबाडच्या पुढं
८ डिसेंबर २०२४

बाळ्या,

पत्र मिळालं. तुज्या दाजीला वाचून दाखवलं, पाखराचं आलं तिथं मी थांबले.

तू कसा हायस ते मला ठावं हाय. मिरगाला वाघ आला म्हनून सगळी वाडी चिंचेवर चढवलीस आनि खाली बसून त्यांचीच जांभळं खाल्लीस. तेव्हा मी पन हसले. पन सोमीच्या जागेवर थट्टा नको. मी त्या ओहोळावर जन्मले. बुलबुल ठावा हाय, चिरक ठावा हाय, पानं शिवनारं पन ठावं हाय. शेंदूर लावलेलं कुनी बघितलं नाय.

इथं काम चालू हाय. मातीचा ओला गोळा उचलला की सोमीएवढाच जड लागतो. साच्यात आपटायला माजा हात उठत नाय. दाजी बघतो, म्हनतो, "दे इकडं." मग तो आपटतो, मी नुसती विटा पालथ्या करते.

तुला एकच काम सांगते. मी येईन तवर ती जागा राख. घराचा कूड पडला तर पडू दे. भांडी गेली तर जाऊ दे. तिला ठेवली आनि लगेच भातकापनीवर जावं लागलं, मग भट्टीला निघायची वेळ आली, मी तिच्याजवळ नीट बसले पन नाय. आल्यावर मला तिथं बसायचंय, बाळ्या. दुसरं कायबी नको.

पाखरू खरं असंल तर लिही, ते रातचं तिथंच झोपतं का.

शुक्री


वाडी, पनवेल
२४ डिसेंबर २०२४

शुक्रीबाय,

खोटारडा म्हनालीस तरी पत्र लिहितोय, बघ कसा गुनी भाऊ हाय. साक्षीदार आनलाय.

टावरमध्ये रेवा मॅडम राहतात. गळ्यात तोफेएवढा कॅमेरा. रविवारी पाखरं बघत फिरतात, आनि लोक त्यांना बघत फिरतात. मी म्हनलं, "मॅडम, शेंदूर लावलेलं पाखरू दाखवू का?" त्या म्हनाल्या, "बाळ्या, मागच्या वेळी तू घुबड म्हणून मला टाकीवरचं मडकं दाखवलंस." मी म्हनलं, "मडकं खोटं होतं, हे खरं हाय." आल्या. जाळीत शिरताना ओढनी फाटली, पन शेंदऱ्या दिसला तशा ओढनी विसरल्या.

म्हनाल्या, "अरे, हा लाल छातीचा माशीमार! बर्फाच्या देशातून येतो हा. एवढासा जीव, आणि दर थंडीत इतक्या लांबून येतो."

मी विचारलं, "ह्याच जाळीत?"

"जागा आवडली की परत तिथेच येतो म्हणतात. याला सावली हवी, ओल हवी, चिलटं हवीत. जाळी गेली की हा बसणार कुठे?"

तुला कसा दिसंल शुक्रे? तो येतो थंडीला, आपली मानसं निघतात दिवाळीला. आपन वैशाखात परततो तर तो गेलेला. एकाच ओहोळावरची तुमी दोघं, जन्मात गाठ नाय. मी पन ह्या साली पहिल्यांदाच थंडीला घरी राहिलो, म्हनून दिसला.

मॅडमला दगडाचं सांगितलं नाय. त्यांनी त्याच्यावर बॅग ठेवली तर मी उचलली. "का रे?" म्हनाल्या. म्हनलं, मुंग्या हायत.

रातचं तो कुटं झोपतो ते बघायला मी अंधार पडेपर्यंत बसलो. दगडाच्या वरच्याच फांदीत फुगून गोळा होऊन बसला. खरं सांगतो. आयशपथ.

बाकी सगळं ठीक. ओहोळाकडं दोन-चार मानसं पट्टी घेऊन फिरतात, टावरची पान्याची लाइन असंल.

बाळ्या


वीटभट्टी
९ जानेवारी २०२५

बाळ्या,

सुभाष म्हनतो ओहोळाच्या तोंडाशी जेसीबी उभा हाय. टावरवाला तिथं गाड्या लावायची जागा करनार हाय. तू मला पान्याची लाइन लिहिलंस.

मी मुकादमाला म्हनलं, मला घरी सोड. तो म्हनाला, सगळी भट्टी भाजून झाल्याशिवाय कोन हलनार नाय. दाजी त्याच्या पाया पडला. नाय म्हनाला.

तिला उकरून दुसरीकडं नेऊ नको. पुरलेल्या लेकराला परत उजेड दाखवत नायत. तिला तिथंच राहू दे, आनि जेसीबीला तिथं येऊ देऊ नको. कसं ते मला ठावं नाय. एवढी लोकं फसवलीस आजपर्यंत, आता एकदा माज्यासाठी फसव.

शुक्री


वाडी, पनवेल
१७ जानेवारी २०२५

शुक्रीबाय,

फसवलं! अगं, असं फसवलं की स्वतःलाच खरं वाटायला लागलंय.

जेसीबी जाळीकडं यायच्या आदल्या दिवशी मी तिथं बसलो होतो. डोकं चालंना. शेंदऱ्या समोर दगडावर, गळा फुगवून ट्रर्र करतोय. त्याच्या गळ्याकडं बघता बघता डोक्यात पेटलं. तसाच उठलो, पनवेलच्या बाजारातनं शेंदूर आनला, तेल आनलं, हिरवा खन आनला. सकाळी उजाडायला दगड असा माखला की वाडीतला कुत्रा बघून थांबला. वर झेंडू, पुढं लिंबू, फांदीला खन. मग झाडू घेऊन कडेला झाडत राहिलो, साधा गरीब मानूस.

जेसीबी आला. मी चपला काढल्या, जमिनीला हात लावून कपाळाला लावला, परत झाडायला लागलो. ऑपरेटरनं गाडी बंद केली.

"उधर क्या है भाई?"

"कुछ नहीं. तू चला."

"वो लाल-लाल क्या है?"

"अरे कुछ नहीं रे. पिछलेवाले को भी मैंने बोला था, कुछ नहीं है."

"पिछलेवाले को क्या हुआ?"

"अभी ठीक है. थोडा थोडा चलता है."

तो खाली उतरला तो परत वर चढलाच नाय! सुपरवायझर आला, शिव्या घातल्या. ऑपरेटर म्हनाला, साहेब तुम्ही चालवा. साहेबांनी पन जाळीत वाकून बघितलं आनि हळूच बूट काढले. मला विचारलं, "कोणती देवी आहे रे?"

शुक्रे, तेवढा विचारच केला नव्हता. तोंडात तिचंच नाव होतं. "सोम..." म्हनलो आनि मागनं "जाई" जोडली. "सोमजाई, साहेब. लई कडक."

साहेबानं शेठला फोन लावला. शेठ म्हनाला, देवाच्या भानगडीत नको, ती जाळी सोडून घ्या. घेतलं! सगळीकडनं सपाट केलं, पन आपली जाळी तशीच, मधी बेटागत. ओहोळाचं पानी पन चालू.

शेंदऱ्या आवाजाला पळाला होता. दुपारी आला. दगड त्याच्याच गळ्याच्या रंगाचा झालेला बघून पहिल्यांदा बुजला, वरनं दोनदा वाकून बघितलं, मग बसला. मी जाळीत लोळून हसलो. मग का कुनास ठाऊक, रडलो पन. ते दाजीला वाचून दाखवू नको.

बाळ्या


वीटभट्टी
३० जानेवारी २०२५

बाळ्या,

"थोडा थोडा चलता है" वाचून दाजी हसला. सोमी गेल्यापासून पहिल्यांदा. हातातली माती खाली ठेवून हसला. मग बायका विचारायला लागल्या काय झालं. मी म्हनलं, माजा भाऊ येडा हाय.

तू माजी जागा राखलीस. तुला खोटा म्हनाले ते परत घेते. पाखरू तिच्या डोक्यावर झोपतं म्हनालास ते मी रोज पडल्यावर डोळ्यापुढं आनते, तेव्हा कुटं झोप लागते.

पन आता तो शेंदूर पुसून टाक. काम झालं. देव केला की देवाला मानसं लागतात. आपल्याला तिथं मानसं नकोत.

शुक्री


वाडी, पनवेल
६ मार्च २०२५

शुक्रीबाय,

सुभाष दोनदा मोकळा गेला, मी त्याला भेटलो नाय. काय लिहायचं कळत नव्हतं. अजून पन कळत नाय.

तुजं पत्र आलं त्याच दिवशी मी फडकं आनि रॉकेल घेऊन गेलो. तर दगडापुढं नारळ फुटलेला. टावरमधल्या आशालताकाकू हात जोडून बसलेल्या. ऑपरेटरची गोष्ट वॉचमननं सांगितली, वॉचमनची कामवालीनं, आनि कामवाल्यांनी सगळ्या टावरला. काकूंचा गुडघा दुखायचा थांबला. दुसऱ्या दिवशी एकीच्या पोराला नोकरी लागली. मग काय, ओटी, नारळ, उदबत्ती. कुनी म्हनालं देवी शंभर वर्षांची, कुनी म्हनालं जास्तच. मी तिथंच झाडत होतो.

मग सोसायटीचे चेअरमन प्रभाकरकाका आले. म्हनाले, "देवी अशी काट्याकुट्यात? लहान मुलं येतात, साप निघेल. हे सगळं मोकळं करून घेऊ. छान लाद्या बसवू."

मी म्हनलं, "काका, देवीला जाळीच आवडते. माज्या सपनात आली होती."

"मग आज रात्री तिला सांग, काका ग्रॅनाइट लावतायत." सगळे हसले. चांगला विनोद होता, माजा असता तर मी पन हसलो असतो.

खरं सांगायचं ठरवलं, शुक्रे. तोंड उघडलं पन होतं. तेवढ्यात आशालताकाकू काकांना म्हनाल्या, "आधी खालची माती नीट बघून घ्या हो. काही अशुभ असलं तर सगळं उकरून, काढून टाकून, शांत करून घ्यावं लागेल." माजं तोंड तसंच बंद झालं. बोललो असतो तर त्यांनी तिला बाहेर काढली असती. नाय बोललो तर तिच्यावर लादी. तू असतीस तर काय केलं असतंस?

काका म्हनाले, उद्या मशीन मागवू, मुळासकट खरवडून काढेल. मी म्हनलं, मशीन नको, मी हातानं तोडतो. "शाबास," म्हनाले. मशीन आत आली असती तर किती खोल गेली असती ठावं नाय. म्हनून कोयता मी घेतला. तुजी जाळी मीच तोडली. मुळं तशीच ठेवली, वरवरचं कापलं. शेंदऱ्या मागच्या तारेवर बसून बघत होता.

तो नंतर थोडे दिस आला. तारेवरनं दगडाकडं झेप घ्यायचा, कुनी ना कुनी उभं असायचं, परत फिरायचा. आरतीला डास नकोत म्हनून सांजेला धूर मारतात. चिलटं सगळी मेली. तो हवेत उडायचा, चोच वाजवायचा, आनि रिकामाच परत बसायचा. रेवा मॅडम म्हनाल्या, "याचे आता भरपूर खाऊन अंग धरायचे दिवस. पुढे केवढा प्रवास आहे त्याला." त्यांनी सोसायटीत तक्रार केली, जाळी परत लावा म्हनून. सोसायटीवाल्यांनी त्यांना सांगितलं, मॅडम, पक्ष्यांपेक्षा श्रद्धा मोठी.

मग तो यायचा बंद झाला. दुसरीकडं गेला असंल, असं मॅडम म्हनतात. माज्याकडं न बघता म्हनतात.

देव केला नसता तर जेसीबीनं नेलं असतं. केला तर ह्यांनी नेलं. तिसरं मला काय सुचलंच नाय. सगळी वाडी म्हनते बाळ्या लई हुशार.

मी झाडू सोडतोय. न्हावा शेवाला कंटेनरच्या गाडीवर क्लीनर लागतो. तू येशील तेव्हा मी घरी नसंन. तुज्या तोंडाकडं बघायला होनार नाय माज्यानं.

बाळ्या


वाडी, पनवेल
१४ मे २०२५

बाळ्या,

हे पत्र सुभाषच्या हातानं बंदरावर पाठवते. तो म्हनाला तू बोलत नायस, कुनाची खोडी पन काढत नायस. गाडीवाले त्याला विचारतात हा पोरगा आजारी हाय का.

मार्चमधलं तुजं पत्र वाचून मी तुला लई शिव्या घातल्या. दाजी म्हनाला, कोयता त्यानं घेतला म्हनून ती अजून तिथं हाय. ते मला कळत होतं. पन मान्य करायला दिस लागले. म्हनून उत्तर दिलं नाय. आता राग नाय. घरी ये.

मी आल्या दिवशीच गेले. गेटवर वॉचमन म्हनाला, "कामाला आलीस तर मागच्या गेटनं." मी म्हनलं, दर्शनाला. त्यानं मला वर-खाली बघितलं आनि सोडली.

काय ओळखू येत नाय, बाळ्या. ओहोळ पाइपात घातलाय. वर पत्र्याचं छप्पर, ग्रिल, घंटा. दगडाला चांदीचं तोंड बसवलंय, मोठे डोळे काढलेत. सोमीचे डोळे बारीक होते. कुटल्या लादीखाली ती हाय ते मला कळंना. मी पायरीवर बसले, तर पुजारी म्हनाला, "बाई, इथे बसू नका, रांग आहे." मी उठले.

रेवा मॅडम बाहेर भेटल्या, तुजी बहीन हाय म्हनल्यावर थांबल्या. फोनमध्ये फोटो दाखवला. खरंच, गळा शेंदरी. दगडावर बसलंय, शेपटी वर. दगड अजून साधाच हाय, बाजूला करवंदीची पानं, आनि दगडाच्या कडेला तू टाकलेली माती दिसते. मी लई वेळ बघितलं. त्या म्हनाल्या, "तुला पाठवते, नंबर दे." मी म्हनलं, माज्याकडं फोन नाय. त्यांनी परत एकदा दाखवला. काय विचारलं नाय. चांगली बाई हाय.

मी दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या पन. आता मला रांगेचं कळलंय. लांब बाजूला उभं राहिलं तर कोन काय बोलत नाय.

काल एक टावरमधली बाई आली, तरनी, कडेवर तान्ही पोर. पोर तापानं फनफनलेली, रडून रडून आवाज बसलेला. बाईला प्रदक्षिणा घालायच्या होत्या, हातात ओटीचं ताट. इकडं तिकडं बघितलं, मी दिसले. म्हनाली, "मावशी, जरा धरता का हिला? पाच फेऱ्या घालून येते."

मी धरली. सोमीएवढीच होती. तसंच डोकं खांद्यात खुपसलं तिनं. मी हलले नाय, नुसती धरून उभी राहिले. ती बाई माज्या पोरीभोवती फिरत होती, डोळे मिटून, आनि पुटपुटत होती, माते, माझं लेकरू सांभाळ. तिची तिसरी फेरी होईस्तवर पोर माज्या खांद्यावर झोपली.

बाई आली. झोपलेली बघून तिच्या डोळ्यांत पानीच आलं. म्हनाली, "बघितलंत मावशी? ऐकलं देवीनं."

मी म्हनलं, "हां."

ती पोर घेऊन गेली. माजे हात बराच वेळ तसेच होते, धरलेले.

शुक्री